चौकांतील सायकलस्वार आणि रस्त्याचा कायदा

१. प्रश्नाचें स्वरूप

दोन रस्ते जेथें एकमेकांस छेदितात तेथें आधीं कोणी जावें आणि थांबावें कोणी, हा प्रश्न दिसावयास क्षुद्र आहे. परंतु त्याचें उत्तर म्हणजे समाज कोणास कितपत मान देतो याचें एक पक्कें गमक होय. बैलगाडी, टांगा, सायकल, मोटार अशीं वाहनें आपल्या रस्त्यांवर एकामागून एक आलीं, आणि प्रत्येकाबरोबर हें उत्तर थोडथोडें बदलत गेलें. त्यांत सायकलीची हकीकत विशेष चमत्कारिक आहे. तिला यंत्राचें बळ नाहीं, म्हणून कायद्याच्या दृष्टीनें ती मोटारींत मोडत नाहीं. आणि ती चालणारापेक्षां वेगवान आहे, म्हणून पादचाऱ्यांतही तिची गणना होत नाहीं. चौकांत मात्र या दोघांच्याही मधून तिला वाट काढावी लागते.

पुणें हें अनेक दशकें सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. सायकलीचा बिल्ला, रात्रीचा दिवा आणि डबलसीट या तीन बाबतींतील नियम जुन्या पुणेकरांस तोंडपाठ असत, कारण त्यांचा भंग झाला म्हणजे दंड भरावा लागे. परंतु चौकांत सायकलस्वाराचा हक्क काय, असें कोणी विचारलें असतें तर त्याचें उत्तर क्वचितच कोणास देतां आलें असतें. सायकलस्वारानें काय करूं नये, एवढेंच लोकांच्या लक्षांत राहिलें. त्याला काय देणें आहे, हें कोणी सांगितलें नाहीं. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे. तो हक्क आपल्या कायद्यांत १९३९ पासून लिहिलेला होता. तो लिहिणारांनीं सायकलीचें नांव मात्र घेतलें नव्हतें, आणि म्हणूनच तो विसरला गेला, असें आमचें प्रतिपादन आहे.

२. गाडी कीं पादचारी?

आपला रस्त्याचा कायदा इंग्लंडांतून आला, तेव्हां आरंभ तेथून केला पाहिजे. रस्त्याच्या डाव्या बाजूनें जावें हा नियम लंडन ब्रिजपुरता १७५६ च्या कायद्यानें घातला गेला, व १८३५ च्या हमरस्त्यांच्या कायद्यानें तो सर्वसाधारण झाला. त्या वेळीं सायकल जन्मास आली नव्हती. त्यामुळें पुढें जेव्हां दुचाक्या रस्त्यांवर धांवूं लागल्या, तेव्हां या जुन्या कायद्यांतील ‘गाडी’ या शब्दांत त्यांचा समावेश होतो किंवा नाहीं असा वाद उपस्थित झाला. बेफाम वेगानें गाडी हांकण्याच्या गुन्ह्यापुरती सायकल ही गाडीच होय, असा निर्णय तेथील न्यायालयानें १८७९ मध्यें दिला. नंतर १८८८ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्यानें हा वाद कायमचा मिटविला. बायसिकल, ट्रायसिकल व तत्सम यंत्रें हमरस्त्यांच्या कायद्यांतील ‘गाड्या’ समजाव्या, असें त्याच्या ८५ व्या कलमानें ठरविलें. आणि त्याबरोबरच रात्रीं दिवा लावण्याचें व पुढील माणसास ओलांडतांना घंटेनें सूचना देण्याचें बंधन सायकलस्वारावर घातलें.

हा निर्णय दुहेरी आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. गाडी म्हटल्यावर सायकलीस पदपथावरून जाण्याची मनाई झाली, डावी बाजू धरण्याचें बंधन आलें. पण त्याच शब्दानें तिला हमरस्त्यावर इतर गाड्यांच्या बरोबरीचें स्थानही मिळालें. टांग्यानें किंवा बग्गीनें तिला ‘तूं येथें कशास आलीस?’ असें विचारण्याची सोय राहिली नाहीं. बंधन आणि हक्क हीं एकाच शब्दाचीं दोन तोंडें होतीं.

३. मुंबई इलाख्यांतील पोलिसांचे कायदे

आपल्याकडे सायकलीचा विचार मोटारीच्या कायद्यानें केला नाहीं. तो पोलिसांच्या कायद्यानें केला. मुंबई इलाख्यांत जिल्ह्यांकरितां १८९० चा आणि मुंबई शहराकरितां १९०२ चा, असे दोन पोलीस कायदे होते. स्वातंत्र्यानंतर त्या दोहोंच्या जागीं १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आला व तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नांवानें ओळखला जातो. त्याच्या व्याख्येंत ‘वाहन’ या शब्दांत बायसिकल व ट्रायसिकल यांचा नांव घेऊन समावेश केलेला आहे. म्हणजे १८८८ चा इंग्लंडांतील निर्णयच येथें कायम झाला. रस्त्यांवर चालणारे, वाहन हांकणारे, सायकलवरून जाणारे व गुरें नेणारे अशा सर्वांच्या रहदारीचें नियमन करण्यासाठीं नियम करण्याचा अधिकार ३३ व्या कलमानें पोलीस आयुक्तास व, जेथें आयुक्त नाहीं तेथें, जिल्हा दंडाधिकाऱ्यास दिला आहे.

याच अधिनियमाचें ९९ वें कलम प्रत्यक्ष ‘रस्त्याच्या नियमा’संबंधीं आहे. वाहन हांकणारानें खरी गरज किंवा पुरेसें कारण नसतां रस्त्याची डावी बाजू सोडूं नये, आणि त्याच दिशेनें जाणाऱ्या वाहनास ओलांडावयाचें असल्यास त्याच्या उजवीकडून जावें, असा त्याचा आशय आहे. सायकल हें वाहन असल्यामुळें सायकलस्वारही या कलमाखालीं येतो. परंतु हा नियम सरळ रस्त्याचा आहे. चौकांत दोन वाहनें निरनिराळ्या दिशांनीं समोरासमोर आलीं तर पहिला मान कोणाचा, याविषयीं हें कलम मौन धरितें. तेथें शिपायाचा हात, आणि पुढें दिवा, हाच कायदा होता. शिपाई नसेल तेथें काय, या प्रश्नाचें उत्तर मोटारींच्या कायद्यांत शोधावें लागतें.

४. १९३९ च्या कायद्याचें दहावें परिशिष्ट

अखिल हिंदुस्थानाकरितां मोटारींचा पहिला कायदा १९१४ सालीं झाला व त्याच्या जागीं १९३९ चा विस्तृत कायदा आला. या दुसऱ्या कायद्याच्या दहाव्या परिशिष्टांत वाहन चालविण्याचे नियम दिले होते. त्यांतील तीन नियम आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचे आहेत.

पहिला असा कीं, चौरस्ता, रस्त्याचा फांटा किंवा वळण जवळ येतांच मोटार हांकणारानें वेग कमी करावा. आणि तेथें असलेल्या माणसांच्या सुरक्षिततेस धोका न पोंचवितां आपणांस जातां येईल अशी खात्री झाल्याखेरीज चौकांत शिरूं नये. दुसरा असा कीं, ज्या रस्त्यांत शिरावयाचें तो मुख्य रस्ता म्हणून ठरविलेला असेल तर त्यावरून जाणाऱ्या वाहनांस वाट द्यावी, आणि इतर सर्व ठिकाणीं आपल्या उजव्या हाताकडून चौकाकडे येणाऱ्या सर्व वाहतुकीस वाट द्यावी. तिसरा वळणाचा: डावीकडे वळतांना शक्य तितकें डाव्या कडेनें वळावें; उजवीकडे वळतांना आधीं रस्त्याच्या मध्यरेषेजवळ यावें आणि दोन्ही मध्यरेषा जेथें छेदितात तो बिंदु उजव्या हातास ठेवून, त्याच्या पलीकडून वळावें.

यांतील दुसऱ्या नियमाची शब्दयोजना बारकाईनें पाहिली पाहिजे. ज्याच्यावर बंधन आहे तो ‘मोटार वाहनाचा चालक’ आहे. परंतु ज्यांस वाट द्यावयाची ते केवळ मोटारवाले नाहींत. मुख्य रस्त्यावरील ‘वाहनें’, आणि उजवीकडून येणारी ‘सर्व वाहतूक’, असे शब्द तेथें आहेत. मसुदा करणारास मोटार वाहन हा शब्द ठाऊक नव्हता असें नाहीं. तो त्याच वाक्याच्या आरंभीं आलेला आहे. तेव्हां पुढें व्यापक शब्द घातला तो हेतुपुरःसरच घातला, असें मानणें भाग आहे. १९३९ चे रस्ते डोळ्यांपुढें आणिले म्हणजे याचें कारण कळतें. त्या काळीं मोटारींपेक्षां बैलगाड्या, टांगे आणि सायकलीच रस्त्यांवर अधिक. त्यांस वगळून केलेला चौकाचा नियम निरुपयोगी ठरला असता. एवंच, शिपाई किंवा दिवा नसलेल्या चौकांत मोटारीच्या उजवीकडून सायकल आली तर मोटारीनें थांबावें, असा सरळ अर्थ या नियमांतून निघतो.

मात्र या व्यवस्थेंत एक उणीव होती. हे नियम मोटार हांकणाराचे. सायकलस्वारानें मोटारीस केव्हां वाट द्यावी, हें त्यांत सांगितलेलें नाहीं. हक्क मोटारींच्या कायद्यांत व कर्तव्य पोलिसांच्या कायद्यांत, अशी फाटाफूट झाली. मोटार चालविण्याचा परवाना घेणारास निदान परीक्षेपुरते तरी हे नियम वाचावे लागत. सायकलस्वारास परवाना नाहीं, परीक्षा नाहीं, म्हणून आपल्या हक्काचें वाक्य त्याच्या दृष्टीस कधीं पडलेंच नाहीं.

५. हॉलंडचें उदाहरण

हा हक्क क्षुल्लक नव्हे, हें समजण्यासाठीं हॉलंडकडे पाहावें. सायकलींचा देश म्हणून त्याची ख्याति आहे. तेथें वाहतूक उजव्या बाजूनें चालते, व समान दर्जाच्या रस्त्यांच्या चौकांत उजवीकडून येणारास पहिला मान असतो. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या मानांतून सायकलस्वार वगळलेला होता. तो उजवीकडून आला तरी मंदगति म्हणून त्यानेंच मोटारीस वाट द्यावयाची, असा तेथील नियम होता. हा भेद १ मे २००१ रोजीं काढून टाकण्यांत आला, आणि उजवीकडून येणारा सायकलस्वार व मोटारवाला यांचा मान सारखा झाला.

म्हणजे जी गोष्ट आमच्या कायद्यांत १९३९ सालीं शब्दांनीं आली होती ती हॉलंडांत २००१ मध्यें आली. असें असतां हॉलंडांतील सायकलस्वार चौकांतून निर्धास्त जातो आणि पुण्यांतील जीव मुठींत धरून जातो, याचें कारण शोधलें पाहिजे. हॉलंडांत हक्क नियमांत येण्यापूर्वींच रस्त्याच्या बांधणींत उतरला होता: सायकलींचे स्वतंत्र मार्ग, त्यांचे स्वतंत्र दिवे, मोटारीस वेग कमी करावयास लावणारीं वळणें. आपल्याकडे हक्क कागदावर राहिला आणि रस्त्याची बांधणी त्याच्या उलट दिशेनें गेली.

६. उजवें वळण

चौकांतील सायकलस्वाराची खरी अडचण उजवीकडे वळतांना दिसून येते. समजा, तो दक्षिणेकडून येत आहे आणि त्यास पूर्वेकडे जावयाचें आहे. कायदा त्यास डावी बाजू धरावयास सांगतो. वळणासाठीं मात्र मोटारीप्रमाणें मध्यरेषेजवळ यावें, तर मागून वेगानें येणाऱ्या वाहनांच्या रांगा त्यास तिरप्या ओलांडाव्या लागतात. आणि मध्यावर पोंचल्यावर समोरून येणाऱ्या वाहनांची खळ पडेपर्यंत उभें राहावें लागतें. पूर्वोक्त ९९ व्या कलमांतील ‘पुरेसें कारण’ या शब्दांचा आधार त्यास आहे, पण शब्दांचा आधार मागून येणाऱ्या बसला थांबवीत नाहीं.

यावर निरनिराळ्या देशांनीं एक युक्ति काढिली आहे, ती दोन टप्प्यांच्या वळणाची. सायकलस्वारानें डावी कडा न सोडतां चौक सरळ ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जावें, तेथें सायकलीचें तोंड उजवीकडे करून थांबावें, आणि आडव्या रस्त्याची वाहतूक सुटली म्हणजे तिच्याबरोबर सरळ निघून जावें. यांत मध्यरेषेकडे जाण्याचें कारणच उरत नाहीं. जपानांत आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें वाहतूक चालते. तेथील १९६० च्या कायद्यानें सायकलीसारख्या हलक्या वाहनांनीं उजवीकडे वळतांना चौकाच्या कडेकडेनें सावकाश जावें असें बंधन घातलेलें आहे. डेन्मार्कमध्यें वाहतूक उजव्या बाजूची, म्हणून तेथें हीच रीत डाव्या वळणास लागू आहे व ती सक्तीची आहे.

व्हिएन्ना येथें १९६८ सालीं झालेल्या रस्ता वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारानेंही ही मोकळीक ठेविली आहे. वळणापूर्वीं मध्यरेषेजवळ यावें हा सर्वसाधारण नियम सांगतांना, सायकलींकरितां निराळी व्यवस्था करण्यास प्रत्येक राष्ट्र मुखत्यार आहे, असें तो म्हणतो. हिंदुस्थान १९८० पासून या करारांत सामील आहे. तेव्हां दोन टप्प्यांचें वळण आपल्याकडे नियमांत घालण्यास कराराचा कोणताच अडथळा नाहीं.

डाव्या वळणाचा धोका याच्या उलट आहे. तेथें सायकलस्वार सरळ जात असतो आणि त्याच्या उजवीकडची मोटार एकाएकीं डावीकडे वळून त्याची वाट तोडते. १९३९ च्या नियमाप्रमाणें वळणारी मोटार आधींच डाव्या कडेस आली असती तर हा प्रसंग टळला असता. मधल्या रांगेंतून वळणें हीच मूळ चूक होय. इंग्लंडच्या रस्तासंहितेंत २०२२ च्या जानेवारीपासून हें स्पष्ट सांगितलें आहे कीं, वळणाऱ्या मोटारीनें सरळ जाणाऱ्या सायकलस्वारास आडवें जाऊं नये.

७. दिव्यांचा हिशेब

शिपायाच्या हाताची जागा दिव्यांनीं घेतली तेव्हां सायकलस्वाराचें आणखी एक नुकसान झालें. लंडनमध्यें पार्लमेंटजवळ १८६८ सालीं गॅसचा पहिला वाहतूक-दिवा उभारला गेला; तो थोड्याच दिवसांत स्फोट होऊन निकामी झाला. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें १९१४ मध्यें विजेचे दिवे आले, डेट्रॉइट येथें १९२० मध्यें पिवळा धरून तीन रंगांचे चौतर्फी दिवे लागले, आणि इंग्लंडांत वुल्व्हरहॅम्प्टन येथें १९२७ मध्यें आपोआप बदलणारे दिवे आले. शिपाई चौकाच्या मध्यें अडकलेल्या माणसास पाहूं शकत होता व त्याच्यासाठीं हात आडवा धरूं शकत होता. दिव्यास डोळे नाहींत. त्याला केवळ सेकंद मोजतां येतात.

हे सेकंद कोणाच्या वेगानें मोजिले, हाच येथें मुद्दा आहे. चौकाची रुंदी ३० मीटर धरूं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार सेकंदास सुमारें ११ मीटर जाते व पावणेतीन सेकंदांत पलीकडे पोंचते. ताशीं १२ किलोमीटर वेगाचा सायकलस्वार सेकंदास सुमारें ३.३ मीटर जातो. त्यास ९ सेकंद लागतात. हिरव्याच्या अखेरच्या क्षणीं दोघेही शिरले आणि पिवळा दिवा तीन सेकंद राहिला, तर लाल होण्यापूर्वीं मोटार बाहेर पडते. सायकलस्वार मात्र १० मीटरांवर, म्हणजे चौकाचा तिसरा हिस्साच ओलांडून, उघड्यावर सांपडतो. त्यानें कोणताही नियम मोडलेला नसतो. ज्या ठिकाणीं चारांहून अधिक रस्ते मिळतात, उदाहरणार्थ पुण्याच्या टिळक चौकांत, तेथें तर ओलांडावयाचें अंतर याहून वाढतें.

इतर देशांनीं यावर जे उपाय केले त्यांचा मतलब एकच आहे: सायकलस्वारास मोटारींच्या आधीं सुटूं द्यावें. ऑक्सफर्ड येथें १९८४ मध्यें मोटारींच्या थांबण्याच्या रेषेपुढें सायकलींकरितां दुसरी रेषा आंखण्यांत आली, म्हणजे दिवा लाल असतां सायकली पुढें येऊन सर्वांच्या दृष्टीसमोर उभ्या राहतात. अमेरिकेंतील आयडाहो संस्थानानें १९८२ मध्यें याहून धीट पाऊल टाकिलें. ‘थांबा’ अशी पाटी असेल तेथें सायकलस्वारानें सावकाश येऊन, दुसऱ्याचा मान असेल तर तो देऊन, न थांबतां गेलें तरी चालेल असें त्या कायद्यानें ठरविलें; आणि त्याच्या आजच्या रूपांत लाल दिव्यापाशीं पूर्ण थांबून, वाट मोकळी पाहून पुढें जाण्यासही मुभा आहे. फ्रान्सनें २०१० सालीं यासारख्याच सवलतीस वाट करून दिली; परंतु ती ज्या चौकांत खास पाटी लाविली असेल तेवढ्यांपुरतीच, व इतरांस वाट देण्याच्या अटीवर.

ह्या सवलती आपल्याकडे जशाच्या तशा आणाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या चौकांत मोटारीच लाल दिवा पाळीत नाहींत तेथें सायकलस्वारास तो ओलांडण्याची मुभा देणें म्हणजे त्यास संकटांत लोटणें होय. परंतु या सर्वांमागचा विचार ग्राह्य आहे. सायकल ही मोटारही नव्हे आणि पादचारीही नव्हे. तिचा वेग, तिचें वजन आणि तिचा धोका निराळा, म्हणून तिचा नियमही निराळा असला पाहिजे.

८. आजची स्थिति

१९३९ चा कायदा जाऊन १९८८ चा मोटार वाहन कायदा आला. त्याचें ११९ वें कलम वाहतुकीच्या खुणा पाळण्याचें बंधन घालतें. पण तें बंधनही मोटार वाहनाच्या चालकावरच आहे. १९८९ च्या नियमांत उजवीकडून येणाऱ्या सर्व वाहतुकीस वाट देण्याचें तत्त्व कायम राहिलें. त्यांच्या जागीं आलेल्या २०१७ च्या नियमांनीं एक नवी गोष्ट केली: पादचारी, सायकलस्वार, मुलें, वृद्ध व अपंग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घ्यावी, असें चालकाचें कर्तव्य त्यांनीं स्पष्ट सांगितलें. १९३९ मध्यें ‘सर्व वाहतूक’ या शब्दांत लपलेला सायकलस्वार येथें नांवानिशीं पुढें आला. मात्र तो काळजी घेण्याजोगा दुर्बळ म्हणून आला, वाटेचा हक्कदार म्हणून नव्हे, हा फरक लक्षांत घेण्यासारखा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनें मूळ कायद्याच्या १३८ व्या कलमांत एक पोटकलम घातलें, व यंत्राशिवाय चालणारीं वाहनें आणि पादचारी यांच्या रस्त्यावरील वावरासंबंधीं नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांस दिला. २०२५ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें हे नियम सहा महिन्यांच्या आंत करण्यास राज्यांस सांगितलें. पोलिसांच्या कायद्यांतील कर्तव्य आणि मोटारींच्या कायद्यांतील हक्क हीं इतकीं वर्षें निरनिराळ्या घरीं राहिलीं. तीं एका ठिकाणीं आणण्याचें साधन या पोटकलमानें हातीं आलें आहे.

अशा नियमांत काय असावें, याची दिशा वरील इतिहासानेंच दाखविली आहे. दिवा नसलेल्या चौकांत उजवीकडून येणाऱ्या सायकलस्वारास वाट देणें हें मोटारीचें कर्तव्य, त्याचें नांव घेऊन लिहिलें जावें. आणि डावीकडून येणाऱ्या सायकलस्वारानें केव्हां थांबावें हेंही तेथेंच सांगावें, कारण हक्क व बंधन हीं एकत्र असलीं तरच दोन्ही टिकतात. उजव्या वळणासाठीं दोन टप्प्यांची रीत मान्य करून कोपऱ्यांत थांबण्याची जागा आंखावी. दिव्यांचे सेकंद सर्वांत मंद कायदेशीर वाहनाच्या चालीनें मोजावे.

आज सायकल चालविणारांत पहांटे वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा आहे, दूध पोंचविणारा आहे, कारखान्याची पाळी गांठणारा कामगार आहे. यांपैकीं कोणीही आपला हक्क शोधण्यासाठीं परिशिष्टें चाळणार नाहीं. तो त्यास चौकांतील रेषांवरून, दिव्यांवरून आणि थांबलेल्या मोटारीवरूनच कळला पाहिजे. १९३९ च्या मसुदाकारानें दोन शब्दांत जें देऊं केलें तें रस्त्यावर उतरविण्याचें काम अद्याप शिल्लक आहे.